मामा-भाच्याची बोट: ६२, ३० आणि मधला भाव

बोट चौदा वर्षांची होती, मालक दोन होते आणि एकाच्या डोक्यातला भाव दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होता. मामा आणि भाचा. दोघांनी निम्मी-निम्मी रक्कम घालून ती नवी घेतली होती, बहुतेक सुट्ट्या तिच्यावरच काढल्या होत्या. आता भाच्याची नोकरी समुद्रापासून लांब गेली आणि मामांना एकट्याने ती ओढणं, धुणं, पाण्यात उतरवणं झेपेना. विकायची यावर दोघांचं एकमत होतं. केवढ्याला, यावर बोलणं बंद पडायची वेळ आली होती. जुन्या बोटींच्या सौद्यांत मी मध्यस्थी करतो हे दोघांना ठाऊक होतं, त्यामुळे फाइल माझ्याकडे आली.

चलन आणि बाजार देशागणिक बदलतो. म्हणून इथे एक सोय केली आहे: तीच बोट, तशाच इंजिनासह आणि ट्रेलरसह आज कोरी घ्यायला जी रक्कम लागेल ती १०० धरली आहे. खालचे सगळे आकडे त्या शंभरातले आहेत. शंभराची फोड साधारण अशी: नुसता सांगाडा ५५, इंजिन २७, ट्रेलर ८, उरलेले १० इलेक्ट्रॉनिक्स, जोडणी आणि सामानसुमानाचे.

बोट साडेसहा मीटरची, फायबरग्लासची, पुढे छोटी केबिन. मागे बाहेरून टांगलेलं, म्हणजे आउटबोर्ड, ११५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन. मूळ इंजिन नव्हे, सहा वर्षांपूर्वी बदललेलं. वापर खाऱ्या पाण्यातला. हंगामात नांगरावर, एरवी ट्रेलरवर.

मामांचा आकडा ६२. तो कसा आला हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. घेताना दिलेले आजच्या मापाने ६४, इंजिनाचे २२, चार्टप्लॉटर (समुद्राचे नकाशे दाखवणारा पडदा) आणि वायरिंगचे ५, गाद्या-छताचे ४. एकूण ९५. त्यातून एक तृतीयांशाहून थोडा जास्त घसारा वजा. "मी काही डोळे मिटून मागत नाहीये," ते म्हणाले, "तेहतीस सोडलेच की."

भाच्याचा आकडा ३०. त्याने आठवडाभर जाहिराती चाळल्या होत्या आणि सर्वांत स्वस्त दोन-तीन बघून ठेवल्या होत्या. त्याला महिनाअखेरीला निघायचं होतं. या दोन आकड्यांखेरीज तिसराही एक होता: जुन्या बोटी घेऊन विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत, रोख, २४ देऊ केले होते. मामा त्याला लुटारू म्हणत होते. माझं मत तसं नव्हतं. त्याच्याकडे पुढे येतो.

वहीतला हिशेब का चालत नाही

मामांची वही प्रामाणिक होती, फक्त ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर देत होती. बोटीवर काय खर्च झाला हे ती सांगते. पुढच्या मालकाला त्यातलं काय मिळणार, हे तिच्यात नाही. मूळ इंजिनाचे पैसे ६४ मध्ये धरलेले आहेत, ते इंजिन तर कधीच भंगारात गेलं. आणि वर नव्या इंजिनाचे २२ पुन्हा धरले आहेत. म्हणजे एका बोटीत दोन इंजिनांची किंमत मागितली जात होती. आठ वर्षांच्या चार्टप्लॉटरचे ५ लावले होते. त्याचे नवे नकाशे मिळणं मुश्कील, पडदा उन्हात फिका पडलेला. नवा मालक बहुधा पहिल्याच महिन्यात तो काढून टाकेल. त्याला मी शून्य लावतो, फार तर एक. गाद्यांचंही तेच. त्या चांगल्या असल्या तर बोट लवकर विकली जाते, जास्त किमतीला विकली जाते असं मला कधी दिसलं नाही.

सगळ्याच खर्चाची हीच गत होते असं मात्र नाही. इंजिन हा त्यातला मोठा अपवाद. बोटीच्या किमतीतला मोठा वाटा इंजिनात असतो आणि गिऱ्हाईकही आधी त्याचं वय विचारतं. पण इंजिन बदललं म्हणून जेवढे घातले तेवढे भावात चढतात, असंही होत नाही. सहा वर्षांनी निम्मे शिल्लक राहिले तर बरं म्हणायचं.

दोघांशी वेगवेगळं न बोलता एकत्र बसवून मी एकच प्रश्न विचारला. मामांना म्हणालो, "६२ रास्त आहेत ना? मग ३१ देऊन भाच्याचा हिस्सा तुम्हीच घ्या. बोट पूर्ण तुमची." मामा लगेच म्हणाले, "मला काय करायचीय? आणि एकतीस? त्यात मी दुसरं काहीतरी..." आणि थांबले. मग भाच्याला: "३० रास्त आहेत तर १५ घेऊन तुझा हिस्सा मामांना देऊन टाक, आज." तो म्हणाला, "पंधराला? मामा, तसं नको. तेवढ्यात नाही परवडत."

भागीदारीच्या करारांत अशी अट कधीकधी लिहिलेलीच असते: एकाने भाव सांगायचा, दुसऱ्याने त्या भावाला घ्यायचं की द्यायचं ते ठरवायचं. आपण घेणार की देणार हे माहीत नसलं की माणूस जपून बोलतो. तोवर मामांचा आकडा परक्या गिऱ्हाइकासाठी होता आणि भाच्याचा आकडा परक्या विक्रेत्यासाठी. १९९० साली कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी साध्या कॉफीच्या कपांवर हेच तपासलं होतं. ज्यांच्या हातात कप दिला त्यांनी तो विकायला मागितलेली किंमत, ज्यांना तो विकत घ्यायचा होता त्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. कप हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. मामांनी ही बोट चौदा वर्षं वापरली होती.

थोडी ओढाताण झाल्यावर मामा म्हणाले, अर्ध्याचे १८ पर्यंत देईन. भाचा म्हणाला, २१ च्या खाली विकणार नाही. म्हणजे पूर्ण बोटीचे ३६ ते ४२. हा काही पुरावा नव्हे, दोन माणसांची भावना आहे. पण ६२ आणि ३० या दोन्ही टोकांवरून दोघेही खाली-वर सरकले ते याच बैठकीत. पुढचं सगळं काम हा पट्टा तपासण्याचं होतं.

जाहिरातींतून भाव कसा काढला

भाच्याने पाहिलेल्या जाहिराती मी पुन्हा पाहिल्या. ३३ पासून ५८ पर्यंत. यांतला बहुतेक माल उपयोगाचा नव्हता. सर्वांत स्वस्त बोटीवर जुनं टू-स्ट्रोक इंजिन होतं. ती वेगळीच वस्तू झाली. ५८ वाली पाच वर्षांनी नवी होती आणि कित्येक महिने तशीच पडून होती. जी बोट विकली जात नाही तिची किंमत एवढंच सांगते की त्या किमतीला गिऱ्हाईक नाही.

जाहिरातीत असतो तो मागितलेला भाव. झालेला भाव कुठेच छापला जात नाही, तो विचारावा लागतो. जाहिरात उतरली की मी मालकाला फोन करतो: "विकली गेली का? साधारण केवढ्यात गेली?" सगळे सांगत नाहीत, पण सौदा झालेला माणूस बराच मोकळा असतो. काही देशांत जुन्या बोटींच्या किमतींची पुस्तकं निघतात. अमेरिकेत बीयूसी आणि पूर्वी नाडा, आता जे. डी. पॉवरच्या नावाने चालणारी मार्गदर्शिका नेहमीच्या वापरातल्या आहेत. त्यांचा फायदा आहे. पण पुस्तकातला भाव त्या मॉडेलच्या सरासरी बोटीचा असतो आणि समोरची बोट सरासरी आहे की नाही, हाच तर वाद असतो.

तीन जाहिराती कामाच्या ठरल्या.

पहिली: हेच मॉडेल, दोन वर्षांनी नवं, पण मूळचंच बारा वर्षांचं इंजिन, सुमारे ९०० तास चाललेलं. ट्रेलर नाही. मागितले ४१, गेली ३७ ला. आमचं इंजिन निम्म्या वयाचं; त्याचे मी ११ धरले आणि त्या इंजिनाचे ४, म्हणजे फरक ७. आमच्या जुन्या ट्रेलरचे ४. सांगाड्याच्या दोन वर्षांच्या वयाचे ३ वजा. सदतीसाचे झाले ४५.

दुसरी: तेवढीच लांबी, वेगळी कंपनी, पंधरा वर्षांची, इंजिन चारच वर्षांचं, पण ९० अश्वशक्तीचं, ट्रेलरसह. ५० वरून ४६ वर आली आणि गायब झाली. मालकाने आकडा सांगितला नाही, मी ४३ धरले. अश्वशक्तीचा एक वाढवला, इंजिनाच्या वयाचे दोन घटवले, सामानाचा एक वाढवला. ४३ च राहिले.

तिसरी जवळजवळ जुळी बहीण म्हणावी अशी. तेच मॉडेल, तेवढंच वय, इंजिनही सहा वर्षांचं. फरक एकच: ती आयुष्यभर गोड्या तलावात राहिलेली. मागत होते ५२ आणि ती अजून विकली गेलेली नव्हती. खाऱ्या पाण्यातली बोट तिच्यापेक्षा चार तरी खाली असणार, म्हणजे वरची मर्यादा ४८ च्या आतच.

हे वजा-अधिकचे आकडे काटेकोर शास्त्र नाही. कुणी इंजिनाच्या फरकाचे सातऐवजी सहा धरील. पण तीन वेगळ्या बाजूंनी मोजून उत्तर एकाच जागी येत असेल, तर त्या जागेवर उभं राहता येतं. या वयाची, या प्रकारची, ठीकठाक अवस्थेतली बोट ४५ च्या आसपास.

आता ही बोट ठीकठाक होती का, हा प्रश्न होता.

ट्रान्सम

तपासणीला स्वतंत्र सर्व्हेअर बोलावला. ही तपासणी सहसा घेणारा करून घेतो आणि पैसेही तोच देतो. विकणाऱ्याने ती आधीच करावी असं माझं मत आहे, निदान दहा वर्षांपुढच्या बोटीची. भाच्याला हा खर्च वायफळ वाटत होता.

फायबरग्लासची बोट तपासताना सर्व्हेअर पहिल्यांदा कानाने काम करतो. छोट्या प्लॅस्टिकच्या हातोडीने इंच-इंच ठोकत जायचं. थर एकजीव असतील तर आवाज खणखणीत येतो, सुटले असतील किंवा आतलं लाकूड भिजलं असेल तर बद्द. तळावर काही बारीक फोड होते. जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराच्या, आत पाणी झिरपून येतात ते. खोल नव्हते, या वयाच्या बोटीला एवढे असतातच. डेकवर एका सीटच्या बुडाशी आवाज बदलला. सीटचे स्क्रू बसवताना छिद्रं सीलंटने भरली नव्हती, पाणी खालच्या प्लायवूडमध्ये गेलं होतं. तळहाताएवढा भाग. चिल्लर काम.

खरी गोष्ट मागे होती. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर आउटबोर्ड टांगलेलं असतं. इंजिनाचं सगळं वजन आणि सगळा धक्का ती घेते. या पिढीच्या कितीतरी बोटींत तिच्या पोटात प्लायवूड असतं, बाहेरून फायबर. इंजिनाचे बोल्ट, पाणी निघायचं छिद्र, पंपाचे स्क्रू, जिथे जिथे फायबर भोकसलेलं तिथून पाणी आत जायची वाट. आतलं प्लायवूड कुजलं तर ट्रान्सम उघडून नवा करावा लागतो, इंजिन उतरवून. या बोटीवर त्याचा खर्च १० ते १२ झाला असता. म्हणजे बोटीच्या भावाचा चौथा हिस्सा.

मॉइश्चर मीटरने तिथे ओल दाखवली, खालच्या बाजूला बरीच. मामांचा चेहरा पडला. भाच्याने "मी म्हणत होतो" अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. पण मीटर हे थोडं भित्रं यंत्र आहे. जवळ धातू असला, तांबं असलेला तळाचा रंग असला, वरवर ओल असली तरी तो आकडा चढवतो. इंजिन अर्ध्यावर उचलून खालच्या टोकावर जोर दिला, ट्रान्सम हलला नाही, बोल्टांभोवती तडा नाही. तरी एवढ्यावर सोडून देण्यात अर्थ नव्हता. बोट दोन आठवडे पाण्याबाहेर, सावलीत कोरडी ठेवली आणि पुन्हा मोजली. वरचा भाग उतरला, पाणी निघायच्या नळीभोवतीचा उतरला नाही.

मग आतल्या बाजूने बारीक ड्रिलने तपासणीची छिद्रं पाडली. मालकाच्या परवानगीशिवाय हे कुणी करत नाही आणि घेणाऱ्याला तर बहुतेक वेळा ही परवानगी मिळतच नाही. वरच्या छिद्रांतून भुसा निघाला तो कोरडा, फिक्या रंगाचा. नळीशेजारच्या छिद्रातून ओला आणि तपकिरी. याचा अर्थ सरळ होता: नळीचं सील गेलं होतं, पाणी तिथूनच आत जात होतं आणि कूज ओंजळभर भागापुरती होती. आतून तेवढा तुकडा कापून नवं लाकूड, वर फायबर, नवी नळी. खर्च ३.

या एका कोपऱ्यावर मी एवढे शब्द का घालवतोय ते सांगतो. समजा हे छिद्र पाडलंच नसतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सर्व्हेअरने तीच ओल पाहिली असती, ड्रिल करायला त्याला मुभा नसती आणि त्याने अहवालात लिहिलं असतं: ट्रान्समची स्थिती संशयास्पद. गिऱ्हाइकाने पुरे १२ कापले असते किंवा पाठ फिरवली असती. तीनाचं दुखणं बाराचं होतं ते असं, केवळ कुणाला नक्की माहीत नाही म्हणून. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं: चांगली गाडी आणि खराब गाडी यांतला फरक विकणाऱ्याला कळतो, घेणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे घेणारा सगळ्यांनाच सरासरी धरून भाव लावतो आणि चांगली गाडीवाला बाजारातून निघून जातो. बोटीत तर झाकलेल्या जागा मोटारीपेक्षा कितीतरी जास्त. सर्व्हेअरला दिलेले पैसे या एका ड्रिलमध्ये वसूल झाले.

इंजिन

इंजिनाने एक वेगळाच पेच काढला. डॅशबोर्डवरचं मीटर ४१० तास दाखवत होतं आणि मामा सगळ्यांना अभिमानाने तेच सांगत आले होते. लॅपटॉप लावून इंजिनाच्याच संगणकातून नोंद काढली तर ६४०. मधल्या काळात डॅशचं मीटर जळालं होतं, नवं शून्यापासून सुरू झालं होतं. मामा विसरले होते. जाहिरातीत ४१० लिहिलं असतं आणि गिऱ्हाइकाने लॅपटॉप लावला असता, तर पुढे आमच्या कुठल्याच शब्दावर त्याने विश्वास ठेवला नसता.

६४० मुळे भाव फारसा पडत नाही. सहा वर्षांत एवढे, म्हणजे वर्षाला शंभराच्या थोडे वर. खाजगी बोटीला हे निरोगी आहे. मला उलट सहा वर्षांत चाळीस तास चाललेल्या इंजिनाची जास्त भीती वाटते. खारं पाणी आत वाळतं, पंपाचं रबर चिकटून ताठरतं, पेट्रोल टाकीत शिळं होतं. नोंदीत आणखी एक सुखद गोष्ट दिसली: बहुतेक तास मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांच्या दरम्यानचे होते, पूर्ण वेगाचे थोडेच.

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आलं. तेल स्वच्छ. इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच बसवलेले धातूचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड, निम्मे झिजलेले, म्हणजे ते त्यांचं काम करत होते. गिअरकेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या टोकाच्या गिअरच्या पेटीचं, तेल मात्र किंचित दुधाळ. याचा अर्थ बहुधा प्रोपेलरच्या दांड्यावरच्या सीलमधून पाणी शिरतंय. वेळीच धरलं तर सील बदलून भागतं. खर्च १.

ट्रेलरचे ब्रेक गंजून अडकलेले. टायरची नक्षी नव्यासारखी, पण बाजूवरचे शेवटचे चार अंक, जे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते वाचले तर टायर म्हातारे निघाले. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभे राहून मरतात. संकटकाळचे फ्लेअर (इशाऱ्यासाठी पेटवायच्या नळ्या) मुदत संपलेले. त्यांची किंमत शून्याहून कमीच, कारण त्यांची विल्हेवाट लावणं हेही एक काम आहे.

काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं

इथे मामांची गाडी उलट्या दिशेला निघाली. सगळंच नवं करू म्हणाले: प्लॉटर, गाद्या, ट्रेलरचे ब्रेक, तळाचा रंग. भाचा म्हणाला, काहीच नको, कापून देऊ.

माझा निकष सोपा आहे. ज्या दोषाची गिऱ्हाइकाला वाटणारी भीती त्याच्या खर्चाहून मोठी असते, तो आपण दुरुस्त करायचा. जिथे खर्च सगळ्यांना सारखाच दिसतो, तिथे तेवढे पैसे सोडून द्यायचे. ट्रान्सम आणि गिअरकेस पहिल्या प्रकारात बसतात: चार घालून दहा-बारा वाचतात. टायर कुणालाही बाजारात जाऊन विचारता येतात. नवा प्लॉटर तर आपण आपल्या आवडीचा घेणार आणि गिऱ्हाइकाला दुसराच हवा असणार.

दुसरी एक चूक टाळायची होती. तपासणीत सापडलेला प्रत्येक दोष ४५ मधून वजा करायचा नाही. त्या पंचेचाळीसमध्ये ज्या बोटी आहेत, त्यांचेही टायर जुनेच असणार, त्यांनाही फोड असणार. या वयाला जे असतंच ते भावात आधीच धरलेलं आहे. वजा करायचं ते त्याहून जास्तीचं. त्यामुळे दुरुस्तीनंतर डेकचा तुकडा, ट्रेलरचे ब्रेक आणि सुरक्षेचं सामान मिळून मी फक्त २ कापले. उत्तर ४३. खर्चाचे ४ गेल्यावर मालकांच्या हाती ३९. काहीच न करता विकली असती तर माझ्या अंदाजाने ३३ च्या वर कुणी गेलं नसतं.

व्यापाऱ्याचे २४ आता तपासून बघा. त्यालाही ट्रान्सम अंधारातच घ्यायचा होता, दुरुस्ती करायची होती, कित्येक महिने जागेचं भाडं भरायचं होतं, विकल्यावर तक्रार आली तर निस्तरायची होती आणि वर नफा. हा भाव कमीच होता. पण तो त्याच्या डोक्यावर येणाऱ्या जोखमीचा भाव होता. भाच्याला खरंच त्याच आठवड्यात निघायचं असतं तर मी त्याला २७ पर्यंत ओढून सौदा करा म्हणालो असतो.

"थांबलो तर ४८ येतील," मामा म्हणाले. येतीलही. पण जागा, विमा, देखभाल यांना वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के लागतात असा एक जुना ठोकताळा आहे; इथे तो चार. त्यात इंजिन वर्षाने म्हातारं होणार, आणखी दोन गेले. पाच जास्त मिळवण्यासाठी सहा घालवायचे.

मामांची खरी तक्रार

या सगळ्यात एक धागा मला उशिरा सापडला, आणि तो कुठल्याही हातोडीने सापडणारा नव्हता. ४३ वर येऊनही मामा नाखूश होते. खोदून विचारलं तेव्हा कळलं: नव्या इंजिनाच्या २२ पैकी १४ त्यांनी भरले होते, भाच्याने ८. तेव्हा भाच्याची ओढगस्त होती. मामांनी ते कधी मागितले नाहीत आणि भाच्यानेही विषय काढला नाही. भाव जास्त आला तर ती भर आपोआप निघून येईल, असं मामांनी मनात ठरवून टाकलं होतं. ६२ मधले किती त्या इंजिनाचे आणि किती त्या अबोल्याचे, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बाहेरचं गिऱ्हाईक घरातलं देणं फेडत नसतं. बोटीचा भाव हा एक प्रश्न आणि आलेल्या पैशांची वाटणी हा दुसरा; दोन वेगळ्या कागदांवर लिहा, असं मी दोघांना सांगितलं. त्यानंतर मामांनी ४३ वर वाद घातला नाही.

सौदा

जाहिरातीत ४५ लावले. जास्त जागा ठेवली नाही, कारण फुगवलेल्या भावाला फोनच येत नाहीत. तपासणीचा अहवाल, ड्रिलच्या छिद्रांचे आणि कापलेल्या लाकडाचे फोटो, दुरुस्तीची बिलं, इंजिनाच्या संगणकाची नोंद, सगळं एका फोल्डरमध्ये. ४१० आणि ६४० ची गोष्टही लिहून टाकली. दुरुस्ती ट्रान्समच्या खालच्या मधल्या भागात होती. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कोरलेला सांगाड्याचा ओळख क्रमांक तसाच राहिला, त्याचा वेगळा फोटो घेतला. आयएसओ १००८७ या मानकाप्रमाणे तो असतो आणि कागदांवरच्या क्रमांकाशी तो जुळला नाही तर जाणकार माणूस पुढे बोलतच नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाने ३४ म्हटले. मी एवढंच विचारलं, "कशाचे कापले?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, फक्त बोट जुनी आहे एवढं होतं. वय धरूनच ४५ आहेत, असं सांगून त्याला चहा-पाणी करून पाठवलं.

दुसऱ्याने फोल्डर तासभर वाचला. मग स्वतःचा सर्व्हेअर आणला आणि बोट समुद्रात नेली. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ५,३०० फेऱ्यांवर गेलं, कंपनीने दिलेल्या पट्ट्यात. म्हणजे प्रोपेलर योग्य आहे आणि इंजिन दमलेलं नाही. त्याच्या सर्व्हेअरने हायड्रॉलिक स्टीअरिंगची एक गळती काढली जी आमच्याकडून सुटली होती. त्याने त्याचा खर्च दाखवला, १. आम्ही तो मान्य केला. मग ट्रेलरवर त्याने आणखी दोन मागितले. आम्ही म्हणालो, ते धरलेलेच आहेत, हे बघा. आमच्या ४३ मधून स्टीअरिंगचा १ गेला, सौदा ४२ ला ठरला. दहा टक्के इसार, बाकी रक्कम नावावर करून देताना.

बेचाळीसमधून दुरुस्तीचे ४ गेले, तपासणी आणि जाहिरात मिळून दीड. उरले साडेछत्तीस. आता दुसरा कागद. मामांचं पहिलं म्हणणं होतं की इंजिनाचे वरचे पैसे जसेच्या तसे परत मिळावेत. ते मला पटलं नाही, कारण ते इंजिन दोघांनीही सहा वर्षं वापरलं आणि झिजवलं. आज त्याचे ११ उरले आहेत. १४ ला ८ या प्रमाणात त्यातले ७ मामांचे, ४ भाच्याचे. निम्म्याने वाटले असते तर साडेपाच-साडेपाच, म्हणजे मामांना दीड जास्त. साडेछत्तीसचे निम्मे सव्वाअठरा. मामांना पावणेवीस, भाच्याला पावणेसतरा. भाच्याने दीडऐवजी तीन द्यायची तयारी दाखवली. मामांनी दीडच घेतले.